सिझर की नॉर्मल: ३६ व्या आठवड्याआधी बसून बोला

प्रति,
जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी, बेळगाव,
आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी भागातले सरकारी व खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ,

सप्रेम नमस्कार.

मी या जिल्ह्यात स्टाफ नर्स म्हणून नोकरी केली, त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये. आता निवृत्त होऊन खानापूर तालुक्यात राहते. गल्लीतल्या आणि नात्यातल्या पोरी सातवा-आठवा लागला की फाईल घेऊन माझ्या दारात येतात. "मावशी, बघा की, डॉक्टरांनी काय लिवलंय." मी बघते. बीपीचे आकडे असतात, शुगरचे असतात, सोनोग्राफी असते, गोळ्यांची नावं असतात. बाळंतपण कसं करायचं ठरलंय आणि का, हे मात्र कुठेच नसतं. पोरीला विचारावं तर म्हणते, "ते ॲडमिट झाल्यावर सांगणार म्हणे."

त्या "ॲडमिट झाल्यावर"बद्दलच हे पत्र आहे. बीपी, शुगर, आधीचं सिझर, हृदयाची झडप अशी काहीतरी अडचण असलेल्या बाईचा निर्णय आपल्याकडे बहुतेक वेळा शेवटच्या रात्री होतो. तिला कळा सुरू असतात, नवरा जिन्यात फोनवर असतो आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तिला आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. माझी मागणी एवढीच आहे की अशा प्रत्येक बाईशी ३६ व्या आठवड्याच्या आत, तिला समजणाऱ्या भाषेत, एकदा बसून बोला. आणि जे ठरेल ते कारणासकट तिच्या तायी कार्डावर (गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी कार्डावर) लिहा.

"सिझर कमी करा" असं सांगायला मी बसलेली नाही. ती ओरड ऐकून तुम्हीही कंटाळला असाल आणि मीही. आकडे सगळ्यांना माहीत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खासगीत ४७.४ टक्के, सरकारीत १४.३ टक्के. कर्नाटकाचा आकडा ३१.५. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की लोकसंख्येच्या पातळीवर १० टक्क्यांच्या वर सिझर गेल्याने आई-बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. हे खरं आहे. पण टेबलावर झोपलेल्या बाईला टक्केवारीशी काय करायचंय? वार (प्लॅसेंटा) गर्भपिशवीच्या तोंडावर बसली असेल तर सिझरच, त्यात वाद नाही. आणि सिझरला उशीर झाल्यामुळे गेलेलं बाळ मी हातात घेतलेलं आहे, त्यामुळे "आमच्या आज्जीला आठ झाली, सगळी घरात" हे कौतुक माझ्यापुढे कुणी सांगू नये.

आधीचं सिझर असलेल्या बाईपासून सुरुवात करते, कारण सीमेवरचा खरा गुंता तिथे आहे. आपल्याकडे सोयरीक राज्याची हद्द बघून होत नाही. खानापूरची मुलगी चंदगडला दिलेली, निपाणीची कागलला नाहीतर गडहिंग्लजला. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. पहिल्या वेळची फाईल एका राज्यात, दुसऱ्या वेळचं पोट दुसऱ्या राज्यात. तिकडचं माता व बाल संरक्षण कार्ड मराठीत, इकडचं तायी कार्ड कन्नडमध्ये, आणि ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद इंग्रजीत, तोही ट्रंकेच्या तळाशी. असाच एक कागद माझ्यासमोर आला होता. पिशवीत घडी घालून ठेवलेला, पावसात भिजलेला, घड्यांवर शाई पसरलेली. तारीख वाचता येत होती, बाळाचं वजन वाचता येत होतं. गर्भाशयावरचा छेद आडवा की उभा, नेमकी ती ओळ घडीवर आली होती. पोटावरचा व्रण आडवा होता आणि सासू परत परत तोच दाखवत होती. कातडीवर आडवं म्हणजे आतही आडवं, असं नसतं हे तुम्हाला सांगायला नको. पण त्या सासूला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, आणि त्या बाईला तर नक्कीच.

कारण त्या एका ओळीवर सगळं अवलंबून आहे. खालच्या भागात एकच आडवा छेद आणि दुसरी अडचण नाही, अशी बाई नॉर्मलचा प्रयत्न करू शकते. इंग्लंडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शिकेप्रमाणे अशा १०० जणींपैकी ७२ ते ७५ जणी नॉर्मल होतात. आधी एखादं नॉर्मल झालेलं असेल तर ८५ ते ९०. जुना टाका फाटण्याचा धोका २०० त एक. छेद उभा असेल तर प्रयत्न करायचाच नाही. २०० त एक हा आकडा ऐकायला लहान आहे, पण ती एक वेळ आली की थिएटर, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त त्याच क्षणी त्याच इमारतीत लागतं. ते जिथे नाही तिथे "बघू, होईल नॉर्मल" म्हणणं बरोबर नाही.

दुसरी बाजूही तिला सांगा. प्रत्येक सिझरनंतर पुढचं पोट जास्त जोखमीचं होतं. वार खाली बसलेली असेल तर ती गर्भपिशवीच्या भिंतीत रुतण्याचा धोका पहिल्या सिझरच्या वेळी साधारण ३ टक्के, दुसऱ्याच्या वेळी ११, तिसऱ्याच्या वेळी ४०. म्हणून "आणखी मूल हवंय का?" हा प्रश्न या बोलण्यात आला पाहिजे, आणि तो सासूला न विचारता तिला विचारला पाहिजे. दोनवर थांबणाऱ्या बाईचं गणित वेगळं, आणि मुलगा होईपर्यंत थांबू न देणाऱ्या घरातल्या बाईचं वेगळं. हे घर कुठलं आहे ते तुम्हाला फाईलवरून कळत नाही. दहा मिनिटं बोललात की कळतं.

आता बीपी. "बीपी वाढलंय, म्हणजे सिझरच" हे वाक्य मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलंय की नातेवाईक ते डॉक्टरांच्या आधी म्हणतात. बाळंतपणाचा दिवस ठरवणं आणि पोट कापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीपीमुळे पुष्कळदा ३७ आठवड्यांनंतर थांबण्यात अर्थ नसतो, मान्य. पण कळा आणूनही तो दिवस गाठता येतो. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत बीपी असलेल्या ६०२ बायकांवर अभ्यास झाला आणि तो २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. कळा आणण्यासाठी एका गटाला तोंडाने मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली, दुसऱ्याला फोलीज कॅथेटरचा फुगा घातला. गोळीच्या गटात ५७ टक्के आणि फुग्याच्या गटात साधारण ४७ टक्के बायका २४ तासांच्या आत नॉर्मल झाल्या. सरकारी वॉर्ड, आपल्यासारखीच गर्दी, आपल्यासारख्याच बायका.

आणि नागपूरपर्यंत तरी कशाला जायचं? बीपीवाल्या बायकांचं बाळंतपण ३४ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान ठरवून करावं की थांबावं, यावर भारत आणि झांबियात मोठा अभ्यास झाला, त्यात आपलं बेळगाव होतं. २०२३ मध्ये तो छापून आला: ठरवून केलेल्या गटात बीपी हाताबाहेर जाणं कमी झालं, पोटात बाळ दगावणंही कमी झालं. त्याआधी २००२ ते २००५ मध्ये याच जिल्ह्याच्या खेड्यांत १,६२० बायकांवर झालेल्या अभ्यासाने जगाला दाखवून दिलं की बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या की जास्त रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर येतो. गावातल्या सिस्टरांनी हे काम केलं. ज्या जिल्ह्याकडून जग शिकतं, त्या जिल्ह्यातल्या बाईला स्वतःच्या कार्डावर स्वतःचं कारण वाचायला मिळू नये, याचं मला वाईट वाटतं. खरं सांगायचं तर राग येतो.

बीपीमुळे येणारे झटके थांबत नसतील, बाळाची वाढ खुंटली असेल, ठोके पडत असतील, तर सिझर करा, कुणी विचारणार नाही. विचारलं तर मला बोलवा, मी सांगेन त्यांना.

शुगरचं उदाहरण घरातलं देते. माझ्या भाचीला सहाव्या महिन्यात शुगर निघाली. इन्सुलिन लागलं. शेवटच्या सोनोग्राफीत बाळ ४.१ किलो दाखवलं. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की गरोदरपणातल्या शुगरसाठी म्हणून सिझर करू नये, नॉर्मललाच प्राधान्य द्यावं. पण बाळाचा अंदाज ४ किलोच्या वर असेल तर ३९ व्या आठवड्यात सिझरचा विचार करावा, कारण डोकं येतं आणि खांदा अडकतो. खांदा अडकलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना तो विसरता येत नाही. तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवलं. सोनोग्राफीचं वजन १०-१५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, हे सांगितलं. बाळ खरोखर मोठं असलं तर काय होऊ शकतं, नसलं तर सिझर फुकट जाईल, दोन्ही सांगितलं. उद्या ये, घरी विचार कर, म्हणाल्या. भाचीने सिझर निवडलं. बाळ ३.६ किलोचं निघालं. तेव्हा आत्याबाई लगेच म्हणाल्या, "बघा, फसवलं." भाची म्हणाली, "मला सांगितलं होतं त्यांनी." आजही तिची त्या डॉक्टरांबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. ते दहा मिनिटांचं बोलणं तुम्हाला पुढच्या दहा भांडणांपासून वाचवतं, हे मी सिस्टर म्हणून सांगते.

हृदयाच्या झडपेबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथे आमच्यासारख्यांनी फार बोलू नये. लहानपणी सांधे सुजून ताप आला, पुढे झडप अरुंद झाली, अशा बायका आपल्या भागात अजून आहेत. त्यांच्या घरी वाटतं की हृदय कमजोर, कळा सोसणार नाहीत, सिझर करून टाका. बहुतेक हृदयविकारांत उलट आहे. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेतही नॉर्मललाच पहिली पसंती आहे, कळा कमी करणारं मणक्यातलं इंजेक्शन देऊन आणि शेवटी चिमट्याची किंवा व्हॅक्यूमची मदत घेऊन. रक्त पातळ करणारी वार्फरिन चालू असताना कळा सुरू झाल्या, महाधमनी फार फुगलेली आहे, हृदय निकामी होत चाललंय, अशा काही ठरावीक बायकांना सिझर लागतं. ती यादी हृदयरोगतज्ज्ञांनी आधी बघायची असते, कळा सुरू झाल्यावर नव्हे. मणक्यातलं इंजेक्शन आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांत किती ठिकाणी मिळतं, हा प्रश्न मी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विचारते.

चष्म्याचा मोठा नंबर, थायरॉईडची गोळी, लहान उंची, एवढ्याच कारणावरून सिझर ठरवलेल्या बायका मला भेटल्यात. एचआयव्हीच्या गोळ्या नियमित चालू आहेत आणि विषाणू दबलेला आहे, अशा बाईचंही तेवढ्या कारणाने पोट कापायची गरज नसते. आणि रक्त कमी असलेली बाई! हिमोग्लोबिन सातावर आणि ठरलंय सिझर. सिझरमध्ये नॉर्मलपेक्षा जास्त रक्त जातं. मग जे नाही त्यातलंच जाणार. आधी तिचं रक्त वाढवा.

तुलना करताना आपण एक चूक हमखास करतो. घरचे "नॉर्मल चांगलं की सिझर चांगलं" असं विचारतात आणि दवाखाना तसंच उत्तर देतो. पण बाईपुढचे पर्याय तसे नसतात. एकीकडे ठरवून केलेलं सिझर, दुसरीकडे नॉर्मलचा प्रयत्न, आणि तो प्रयत्न नॉर्मलमध्ये संपू शकतो किंवा चौदा तास कळा सोसून रात्री घाईच्या सिझरमध्ये. हे तिसरं सगळ्यात वाईट: रक्तस्राव जास्त, जंतुसंसर्ग जास्त, बाई दमलेली, बाळ दमलेलं. म्हणून प्रयत्न यशस्वी व्हायची शक्यता या बाईच्या बाबतीत किती, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तिची फाईल बघूनच देता येतं, घरातल्या चुलतबहिणीचा अनुभव बघून नाही.

त्यात अंतर मोजायचं असतं. कणकुंबी, जांबोटीच्या पुढच्या वाड्यांत पावसाळ्यात ओढा आला की गाडी थांबते. बेळगाव शहरातल्या बाईला जो प्रयत्न सुरक्षित आहे, तोच त्या वाडीतल्या बाईला नाही. पण म्हणून तिचं पोट कापायचं हेही उत्तर नव्हे. तिला शेवटचे पंधरा दिवस बेळगावात किंवा खानापुरात नातेवाइकांकडे ठेवा, हे आधी सांगितलं तर घरचे सोय करतात. शेवटच्या रात्री सांगितलं तर १०८ ची वाट बघतात.

आमच्या लोकांचंही थोडं बोलते, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी लिहिलं. पंचांग घेऊन येणारे यजमान हल्ली वाढलेत. मुहूर्त ३७ व्या आठवड्यातला असला तरी चालतो त्यांना. ठरवून करायचं सिझर वैद्यकीय घाई नसताना ३९ आठवड्यांच्या आधी केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. काचेच्या पेटीत मुहूर्त कुणी बघत नाही. तुम्ही त्यांना नाही म्हणा. बाकीच्यांना "आमच्या सुनेला नॉर्मलच पाहिजे" हा अभिमान असतो; तो अभिमान कळा सोसणाऱ्या बाईच्या जिवावर असतो. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात बळ्ळारीला सिझरनंतर बायका दगावल्या, संशय सलाईनवर गेला, तेव्हापासून आमच्याकडे सिझरचं नाव काढलं की घरं हादरतात. त्या भीतीला गप्प राहून उत्तर देता येत नाही.

आता भाषा आणि सही. हे पत्र सीमाप्रश्नाचं नाही, तो प्रश्न त्याच्या जागी आहे. पण १९५६ पासून केंद्राने मान्य केलेलं आहे की ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. बाईच्या पोटावरच्या ऑपरेशनचा संमतीपत्राचा कागद महत्त्वाचा नाही तर कुठला महत्त्वाचा? कन्नड आणि इंग्रजी असू दे, त्याखाली मराठी असू दे. तिथे सही कुणाची? सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं की शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाची संमती तिची स्वतःचीच लागते, नातेवाइकांची चालत नाही. जीव वाचवायची घाई असेल तेवढाच अपवाद. तरी आजही कागद आधी नवऱ्याकडे जातो. बाई शेजारी बसलेली असते, लिहिता-वाचता येणारी, आणि पेन तिच्यासमोरून पुढे सरकतं.

काय करावं म्हणून विचाराल, तर नवीन योजना मागत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होतेच. त्या दिवशी जोखमीच्या बायकांसाठी एक खुर्ची वेगळी ठेवा, जिथे तपासणी नाही, फक्त बोलणं. बरोबर एक बाईमाणूस आत येऊ दे. लेबर रूममध्ये सोबतीण ठेवायला तर केंद्राने २०१६ मध्येच परवानगी दिली आहे. सिझर झालेल्या प्रत्येक बाईला घरी सोडताना छेदाची माहिती तायी कार्डावरच लिहून द्या, वेगळ्या कागदावर नको. आणि जुने कागद मागायला कुणी आलं तर ७२ तासांत द्यायचे असतात, हा नियम २००२ चा आहे, काउंटरवरच्या मुलांना एकदा वाचून दाखवा. सरकारी दवाखान्यात सिझर झालेल्या बाईला ७ दिवस आणि नॉर्मलला ३ दिवस जेवण फुकट असतं, हेही बऱ्याच जणींना माहीत नसतं. पैशाच्या भीतीने कुणी चुकीचं निवडू नये.

आणि एक शिक्का करा. रबरी शिक्का, तायी कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेत बसेल एवढा, कन्नड आणि मराठीत. त्यावर पाच रिकाम्या जागा: आधीचा छेद कसा, अडचण कोणती, काय ठरलं, का ठरलं, कळा आधीच सुरू झाल्या तर कुठे जायचं. खाली बाईची सही, मग डॉक्टरांची. मराठी मजकूर मी लिहून ठेवलाय, कन्नड माझ्या निवृत्त मैत्रिणीने केलाय, ती गोकाकची आहे, तिचं अक्षरही माझ्यापेक्षा चांगलं. येत्या ९ तारखेला आम्ही दोघी तो कागद घेऊन खानापूरच्या तालुका दवाखान्यात येतो. शिक्का करून घेण्याचे पैसे लागले तर आम्ही भरतो. फक्त शाईचा पॅड तुमचा असू दे.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स
खानापूर तालुका, जि. बेळगाव